अंग धरणं

कंपाला, ७ मार्च २०१६

आत्या,

माझा नंबर दिसला की तू फोन उपडा ठेवतेस आणि वाजून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतेस, असं केंगांझीने सांगितलं. म्हणून हे पत्र. रुशेरेच्या बसवाल्याकडे देते आहे.

नऊ वर्षं झाली आपल्याला बोलून. भेटल्यावर गळ्यात हात टाकून आपण बायका जी लांबलचक विचारपूस करतो, गुरं कशी आहेत, गवत आहे का, कुणाचं काय दुखतंय, ती सगळी इथे झाली असं धर. मी बरी आहे. रेडिओवर आपल्या भाषेतल्या संध्याकाळच्या बातम्या मी देते हे तुला माहीत आहेच, आणि तू त्या ऐकतेस हे मला माहीत आहे. बातम्या लागल्या की तू धार काढणाऱ्या गड्यालासुद्धा गप्प करतेस म्हणे.

आता मुद्द्याचं. माझ्या धाकट्या बहिणीचं, केंगांझीचं लग्न ठरलं, आनंद झाला. अरिंडा मुलगा बरा वाटला. फोनवर आधी ऐकतो, मग बोलतो. पण परवा केंगांझी मोठ्या कौतुकाने सांगत होती, "ताई, आत्या एकदम नव्या काळाची झालीय बघ. सकाळी गरम पाण्यात लिंबू, दुपारी काकडी नि पपईची फोड, संध्याकाळी परत लिंबूपाणी. दुधाच्या खोलीला कुलूप. किल्ली आत्याच्या कमरेला."

का, तर अरिंडाच्या आईने म्बाराराहून पांढरा गाऊन पाठवलाय आणि तो केंगांझीला कमरेत बसत नाही.

मी आधी हसले. त्याच दुधाच्या खोलीत माझ्या लग्नाआधी तू मला दोन महिने बसवलं होतंस. तेव्हा दार बंद व्हायचं ते मी आत असताना. लाकडी भांडं भरून दूध, ते संपलं की दुसरं. मी ओकले की तू पुसायचीस आणि परत भरायचीस. नाही म्हटलं की पायाच्या दोन बोटांत काटकी धरून दाबायचीस. शेवटी शेवटी मला उठून उभं राहायला दोन बायकांचा हात लागायचा आणि सगळ्या जणी म्हणायच्या, एरीनाच्या भाचीने काय अंग धरलंय.

आता तीच तू, तीच खोली, आणि पोरीला काकडी.

नंतर हसू गेलं. केंगांझी म्हणाली की तूही तिच्याबरोबर जेवत नाहीस. नुसतं पाणी पीत असतेस, सोबत म्हणून उपास करतेस वाटतं. आणि एवढ्या उन्हात स्वेटर घालून फिरतेस. तुमचं दोघींचं काय चाललंय मला कळत नाही. मुलीला जेवायला घाल. दुसरं काही मागत नाही.

केमिरेंबे


कंपाला, ३० मार्च

आत्या,

तुझा निरोप पोचला. केंगांझीने तो फोनवर तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला. "तिला म्हणावं, मला शिकवायच्या आधी टीव्हीवरची स्वतःची गालफडं बघ."

म्हणजे तू दुकानात जाऊन टीव्ही बघितलास. मला वाटलं होतं, रुशेरेपर्यंत तो दिसत नसेल.

सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या रेडिओवाल्यांनी टीव्ही सुरू केला. आमचा साहेब न्सुबुगा मला बोलावून म्हणाला, "केमी, आवाज तुझाच हवा. पण पडद्यावर तू जरा जास्तच दिसतेस. थोडी स्लिम हो."

आत्या, हा शब्द तो हसत हसत बोलला. तो शहरात वाढलेला. त्याच्या लेखी त्याचा अर्थ सडपातळ, छान. माझे कान रुशेरेचे. माणूस खाटेवर वितळत वितळत संपायचा त्या आजाराला आपल्याकडे लोक 'स्लिम'च म्हणायचे, त्याचं खरं नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती. बाबा गेले ते त्याच शब्दाने गेले. आणि माझा साहेब मला ते हो म्हणाला, आणि मी बरं म्हटलं.

झाले. तुला दिसलेली गालफडं त्या वेळची. पुढे थोडं आजारपण आलं, आता मी परत रेडिओवर आहे. गालफडं मांसाखाली गेली. तेव्हा तुझा टोमणा शिळा आहे.

टोमण्यावरून आठवलं. रुतारोने दुसरी आणली आणि मी त्याच्या घरातून निघाले, तेव्हा चार वर्षांत मूल नाही, वर महिनोन्‌महिने घशाखाली घास नाही, अशी मी वाळून आले होते. तुझ्या दारात उभी राहिले. तू मला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललंस आणि म्हणालीस, "आधी भर, मग बाहेर पड. असं कुणाला दिसू नकोस."

नवऱ्याने टाकलं याचं एवढं लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कंपालाची बस धरली ती त्या वाक्यामुळे. माहीत असावं म्हणून लिहिते.

केंगांझीला अजून काकडीच चालू आहे असं कळलं.

केमिरेंबे


कंपाला, २१ एप्रिल

आत्या,

हे पत्र केंगांझीच्या हाती देऊ नकोस. आधी तू वाच.

काल तिने मला विचारलं, "ताई, टीव्हीवर जायच्या वेळी तू पुड्या घ्यायचीस ना, त्या कुठे मिळतात? गाऊन अजून चार बोटं कमी पडतो." मी ओरडले तर म्हणते, "तुला भरायला सांगितलं, तू भरलीस. मला ओसरायला सांगतायत, मी ओसरते. नवरी कधी स्वतःच्या मापाची असते का? लग्न झालं की बघू."

मागच्या पत्रात मी 'थोडं आजारपण' लिहिलं होतं. ते थोडं नव्हतं.

त्या पुड्यांचा चहा होतो. तो प्यायला की सारखे जुलाब होतात आणि भूक मरते. मी दिवसभर त्याच्यावर असायचे आणि संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर. सगळे खूश होते. न्सुबुगाने मिठाई वाटली, मी माझा तुकडा रुमालात गुंडाळून टाकून दिला. एक दिवस गुरांच्या लाळ्या-खुरकताची बातमी वाचत होते, किरुहुरातले बाजार बंद ठेवल्याची. अक्षरं हलायला लागली. शुद्ध आली ती दवाखान्यात. डॉक्टर म्हणाली, अंगातलं क्षार-पाणी इतकं गेलंय की हृदय बंद पडायच्या बेतात होतं.

मी कोणाला कळवलं नाही. केंगांझीलाही नाही. इथे वॉर्डात रोग्याचं जेवण घरचे लोक आणतात. माझं कोणी नव्हतं, म्हणून माझ्या खाटेपाशी डबा नव्हता. शेजारच्या खाटेवर नालोंगो होती. जुळ्यांची आई, म्हणून सगळे तिला नालोंगोच म्हणत. बाजारात केळ्यांचे घड विकणारी, खाटेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल एवढी बाई. तिच्या पायाची जखम भरत नव्हती. तिच्याकडे सुना, लेकी, शेजारणी अशा रांगेने यायच्या. तिने दोन दिवस माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "काय गं, तुझं कोणी नाही?"

"आहेत. कळवलं नाही."

"का?"

"अशी बारीक झालेली बघितली तर बोलतील."

"आणि बारीक कशाला झालीस?"

"जाड होते म्हणून ऑफिसात बोलत होते."

ती हसली तशी खाट कुरकुरली. म्हणाली, "बाई, हे अंग काय भाड्याने घेतलंयस? सारखी मालकाला विचारतेस ते. इकडे ये, खा."

तिच्या सुनेने केळीच्या पानात वाफवलेला कच्च्या केळ्यांचा मऊ मटोके काढला, त्याच्यावर शेंगदाण्याची आमटी ओतली. मी तीन घास खाल्ले आणि रडले. नालोंगो म्हणाली, रडणं चालेल, पण चावून रड.

यापुढे मोठं काही घडलं नाही. बरं वाटायला बरेच महिने लागले. न्सुबुगाला सांगितलं, मला टीव्ही नको. तो म्हणाला, पडद्यावरून उतरलेली बाई परत चढत नाही. मी म्हटलं, चालेल. माझ्या मापाचे कपडे शिवून घेतले. आधी मी नेहमी पुढच्या महिन्याच्या मापाचे शिवायचे. भूक लागली की जेवते. अजून कधीकधी आरशासमोर पोट आत ओढते, सवय आहे. मग सोडते.

केंगांझीला हे सगळं मी आज फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी तुला पुड्या विचारत होते." विषय बदलायला म्हणून तिने तुझी एक गंमत सांगितली. लोणी काढताना तुझी अंगठी बोटातून गळून ताकात पडली, आता तू तिला दोरा गुंडाळलायस. आणि कपडे वाळत घालताना तिला दिसलं की तू पायघोळ गोमेसी झग्याच्या आत एकाऐवजी तीन-तीन लुगडी गुंडाळतेस. "आत्याला म्हातारपणी नटायची हौस आलीय," म्हणून ती हसत होती.

मला हसू आलं नाही. नालोंगो पण सारखी पाणी प्यायची. तिचेही कपडे आधी सैल व्हायला लागले होते, मग जखम भरेना. तिला साखरेचा आजार होता.

आत्या, तुला तहान किती लागते?

केमिरेंबे


रुशेरे, ९ मे २०१६

केमिरेंबे,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून ठेवलं. दुसरं वाचून भिरकावलं, मग उचललं. तिसरं नाचणीच्या पिठात खुपसून ठेवलंय, पोरीच्या हाती लागायला नको.

मला काही झालेलं नाही. वय झालं की माणूस वाळतं.

तू काटकीचं लिहिलंस. धरली होती. नाही कशाला म्हणू. पण तुला जे माहीत नाही ते आता मी लिहिते, कारण तू परत परत ढकललं, ढकललं म्हणून लिहीत राहशील.

तुझा बाप, माझा थोरला भाऊ. उधळलेल्या बैलाला शिंगं धरून बसवणारा माणूस. तो गेला तेव्हा त्याला खाटेवरून मी एकटीने उचलला, एवढा हलका. त्याला मातीत ठेवायला गाव आलं, पण आपल्या घरचं दूध कोणी तोंडाला लावलं नाही. भांडी भरलेली होती, तशीच राहिली. तुमची आई धाकटीच्या बाळंतपणातच गेलेली, म्हणजे तुम्ही दोघी माझ्याकडे. पाण्यावर गेले की बायका तुमच्या मनगटांकडे बघायच्या. त्या घरातल्या पोरी आतून पोखरलेल्या असणार, असं एकीने माझ्यासमोर म्हटलं. तुला ताप आला तरी मी कुणाला सांगायची नाही.

रुतारोकडून मागणी आली. त्याच्या मावशीने मला गोठ्यामागे नेऊन विचारलं, "मुलगी निरोगी आहे ना, एरीना? राग मानू नकोस, पण बाप कशाने गेला ते सगळ्यांना माहीत आहे." मी तोंडाने काही बोलले नाही. दोन महिने थांबा म्हटलं. मग तुला आत घेतली आणि दूध पाजलं. ते उत्तर म्हणून पाजलं. तू मंडपात आलीस तेव्हा त्या बाईला काही विचारायचं उरलं नव्हतं. दुसरा मार्ग मला माहीत नव्हता. आजही माहीत नाही.

मग तू परत आलीस. दारात तुला बघितलं तर मला तोच उभा दिसला. गालाची तीच हाडं. तुला वाटलं मला तुझी लाज वाटली. तेवढंच असतं तर मी पाणी विचारलं असतं. मला धाप लागली होती. रात्री उठून मी तुझ्या अंगाला हात लावून बघत होते, ताप आहे का म्हणून. सकाळी तू नव्हतीस.

केंगांझीच्या वेळी अरिंडाची आई आली, ती म्हणाली, आजकालच्या मुली सडपातळ हव्यात. मी मनात म्हटलं, देवा, एवढं सोपं कधी झालं. आणि गाऊन आला तसा मी कुलूप लावलं. त्यांना जे हवं ते द्यायचं आणि मुलगी नीट पाठवायची, एवढंच माझं काम.

आता माझं. कमरेचा पट्टा दोनदा फिरतो. तहान लागते. रात्रीतून पाच-सहा वेळा उठते. तू विचारलंस म्हणून सांगितलं. लग्नाला तीन महिने आहेत. घरात बाप तसा गेला, आणि आता पाठवणी करणारी आत्या पण वाळत चाललीय असं त्यांना दिसलं, तर काय विचारतील ते मला पाठ आहे. म्हणून लुगडी. लग्न होऊ दे, मग तुझे डॉक्टर नि काय ते बघू.

केंगांझीला बोलू नकोस.

एरीना


कंपाला, १२ मे

आत्या,

शनिवारी पहिल्या बसने येते. सोमवारी आपण म्बाराराच्या दवाखान्यात जायचं.

तू लिहिलंस त्यावर मला खूप काही म्हणायचंय, ते नंतर. आत्ता एवढंच. तुझी लक्षणं नालोंगोसारखी आहेत. ती तीन महिने थांबली आणि तिचा अर्धा पाय गेला. आणि तुझ्या मनात आहे ते असलं, मला तसं वाटत नाही, पण समजा असलं, तरी बाबांच्या वेळी गोळ्या नव्हत्या, आता आहेत. आमच्या ऑफिसातले दोघे जण रोज घेतात. त्यातला एक फुटबॉल खेळतो आणि माझ्या दुप्पट आवाजात भांडतो.

लग्नात केंगांझीची पाठवणी तुलाच करायची आहे. तुला उचलायची पाळी मला माझ्यावर येऊ द्यायची नाही.

मला बघून तुला काय वाटेल ते वाटू दे. मी आहे तशीच येणार, जास्तीचं काही गुंडाळून येणार नाही.

केमिरेंबे


कंपाला, ६ जून

आत्या,

तू सगळ्यांना सांगत सुटलीयस म्हणे, की भाची आली, हट्टाने दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टर म्हणाला थोडी साखर आहे, औषध दिलं, संपलं. अरिंडाच्या आईलाही तू तेवढंच सांगितलंस. म्हणून झालं तसं लिहून तुलाच पाठवते. तू हे लोकांना सांग असं माझं म्हणणं नाही. पण निदान स्वतःशी बदलू नकोस.

मी फाटकातून आले तेव्हा तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "धड जाड नाहीस, धड बारीक नाहीस."

"हो."

"मग लोक काय म्हणतात तुला?"

"बातम्या बऱ्या देते म्हणतात."

तू हूं केलंस आणि दूध आणायला गेलीस. मला वाटलं आता परत भांडं भरणार. तू पेला आणलास, खाली ठेवलास आणि म्हणालीस, "हवं तेवढं घे." मी अर्धा प्यायले. उरलेला तू मांजराला दिलास. पहिल्यांदाच असं झालं.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "काट्यावर उभ्या राहा, आई. स्वेटर काढा."

"थंडी वाजते," तू म्हणालीस.

"घाम आलाय तुम्हाला."

मग तू माझ्याकडे बघितलंस, बाहेर जाते का म्हणून. मी जागची हलले नाही. तू स्वेटर काढलंस. गोमेसीचा पट्टा सोडलास. एक लुगडं काढलंस, त्याच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, आणि सगळ्यांत आत कमरेला बांधलेला जुन्या घोंगडीचा तुकडा. एकेक काढून तू माझ्या हातात देत होतीस आणि मी घडी घालत होते. घड्यांचा ढीग माझ्या हनुवटीपर्यंत आला. तू काट्यावर उभी राहिलीस. नर्सने आकडा लिहिला, मी तो बघितला नाही.

"बघितलंस?" तू म्हणालीस. "झालं समाधान?"

आत्या, मला त्या वेळी काय वाटलं ते तिथे बोलता आलं नाही. तुझ्या हाताखाली माझ्यासारख्या कितीतरी मुली गेल्या. चिमटीत दंड धरून तू सांगायचीस, हिला अजून आठवडा लागेल. आम्ही तुझ्यापुढे थरथर कापायचो. आणि इतके महिने तू त्याच चिमटीला घाबरून घोंगडी बांधून फिरत होतीस. मला राग धरता आला नाही. मी म्हटलं, "गार वाटतंय का? एक लुगडं देऊ?" तू म्हणालीस, "दे. एकच."

साखर निघाली. डॉक्टरने आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, तुम्ही चालत आलात कशा. मग तू उठायच्या ऐवजी खुर्चीतच बसून राहिलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "ती दुसरी तपासणी पण करा." तो म्हणाला, कोणती. तू माझ्याकडे बघितलंस. मी नाव घेतलं. ते नाव आपल्या घरातल्या कुणी पहिल्यांदाच तोंडाने उच्चारलं असेल.

ते काही नव्हतं. तू म्हणालीस, परत बघा. त्याने परत बघितलं. नाही म्हणाला. तू विचारलंस, "मग असतं तर तुम्ही मला काय सांगितलं असतं?" तो म्हणाला, "गोळ्या घ्या, वेळेवर जेवा, पुढच्या महिन्यात या. साखरेसाठीही तेच सांगतोय." तू बराच वेळ हातातल्या चिठ्ठीकडे बघत होतीस. मला वाटतं तू बाबांचा हिशोब करत होतीस, आणखी किती वर्षं काढली असती तर त्यांना त्या गोळ्या मिळाल्या असत्या. मीही तोच करत होते.

घरी आलो. तू एकाच लुगड्यावर बोडावाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून भर बाजारातून आलीस, आणि वाण्याच्या बायकोने तोंडावर हात ठेवला ते मी बघितलं. तू पण बघितलंस. फाटकापाशी उतरलीस, कमरेची किल्ली काढलीस आणि केंगांझीला दिलीस.

"आणि गाऊन?" ती म्हणाली.

"गाऊनला शिवण असते. उसव आणि सोड."

"त्यांनी काही म्हटलं तर?"

"मला विचारायला पाठव."

हे तू कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून लिहिलं. गोळ्या जेवणानंतरच्या आहेत, जेवणाऐवजी नाहीत, हे लक्षात ठेव.

केमिरेंबे


कंपाला, २२ ऑगस्ट

आत्या,

पोचले. पाय अजून सुजलेले आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

तू मंडपात पुढे होतीस, त्यामुळे तुझ्या मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. मी बायकांमध्ये मागे बसले होते. तू नव्या गोमेसीत उठलीस, तुझ्या आताच्या मापाची, आत एकच लुगडं, आणि सगळीकडे कुजबुज झाली. रुतारोची ती मावशी पण आली होती. तिने शेजारणीच्या कानाला तोंड लावलं. मी बोलणार होते.

तेवढ्यात अरिंडाच्या चुलत आजोबांनी काठी टेकून विचारलं, "काय हो आत्याबाई, मुलीला दूध पाजलेलं दिसत नाही. तुम्ही पण सोडलं वाटतं?" लोक हसले. म्हातारा तसा वाईट नव्हता, लग्नात असं बोलायचंच असतं. पण मला दिसलं, अरिंडाची आई हसली नाही. ती तुझ्याकडे बघत होती.

तू म्हणालीस, "आजोबा, मला साखरेचा आजार आहे. गोळ्या घेते. माझा भाऊ, हिचा बाप, एड्सने गेला, तेव्हा गोळ्या नव्हत्या. हिला काही झालेलं नाही. हिला भूक लागली की ही जेवते, आणि पोट भरलं की थांबते. हिचं माप एवढंच आहे. तुमच्याकडे हिला पोटभर जेवू देणार ना, तेवढं सांगा, म्हणजे मी हिचा हात तुमच्या हातात देते."

एवढ्या माणसांत तो शब्द तू असा बोललीस, जसा आपण पाऊस हा शब्द बोलतो. मग अरिंडाची आई उठली. ती म्हणाली, "जेवू देणार. आणि गाऊनचं माप मी विचारून घ्यायला हवं होतं." म्हाताऱ्याने काठी आपटून होकार दिला आणि ढोल सुरू झाले. एवढ्यात माझ्या शेजारची बाई, मी तिला ओळखत नव्हते, माझा हात धरून म्हणाली, "माझी बहीण पण त्यानेच गेली. आम्ही टीबी सांगतो." आणि तिने पुढचा सगळा वेळ माझा हात सोडला नाही.

तू केंगांझीचा हात देऊन वळलीस तेव्हा ऊन तुझ्या तोंडावर होतं. आत्या, तू हुबेहूब बाबांसारखी दिसलीस. घाबरू नकोस. बाबांचं मला फक्त शेवटचं तोंड आठवायचं, आणि ते आठवायचंही आपल्या घरात बंद होतं. परवा मला ते तोंड दिसलं, पण चालतं, बोलतं, म्हाताऱ्याला उत्तर देणारं. माझा बाप म्हातारा झाला असता तर असा दिसला असता. मी पुरेपूर बघून घेतलं.

माझ्या पाठवणीत मी नाचले नव्हते. नवरीने नाचायचं नसतंच, आणि मला तर उभंही राहता येत नव्हतं. परवा बायकांची रांग सुरू झाली तशी मी उठले. हात गाईच्या शिंगांसारखे वर केले आणि पाय आपटले. दंड हलत होते, पोट हलत होतं, समोर सगळं गाव होतं. पहिल्या फेरीत मला ते सगळं जाणवत होतं. नंतर कधीतरी जाणवायचं थांबलं, आणि ढोलाशिवाय काही उरलं नाही. किती वेळ नाचले माहीत नाही. थांबले तेव्हा सडकून भूक लागली होती.

मांडवामागे तुम्ही बायका पंगतीला बसला होतात. तू मला बघितलंस, सरकलीस आणि तुझ्या नि केंगांझीच्या मधे जागा केलीस. ताटात किती वाढू ते विचारलंस. मी सांगितलं. तू तेवढंच वाढलंस.

केमिरेंबे